डोंगलचं नेट सारखं जातं? लिनक्स लॅपटॉपला मोडेम नको, नेटवर्क कार्ड द्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाखाली, मी 'ने.गे.' अशी अक्षरं लिहायला लागले. सासूबाईंना वाटलं, मी दूधवाल्याचे खाडे वेगळे मांडतेय. ने.गे. म्हणजे 'नेट गेलं'. त्यापुढे वेळ, आणि तेव्हा घरात काय चाललं होतं ते दोन शब्दांत. दीड महिन्यात पान असं भरलं की दुधाचे लिटर शोधावे लागायचे. पण ज्या दुखण्यापायी मी दोन डोंगलं (सिम घालून लॅपटॉपच्या यूएसबीला लावायच्या नेटच्या कांड्या) आणि साताऱ्याच्या चार खेपा वाया घालवल्या, त्याचं कारण शेवटी त्या पानावरच सापडलं.

मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते, पुस्तकांची अक्षरजुळणी करते, आणि शनिवार-रविवार परळी खोऱ्यात सासरी असते. समोर सज्जनगड, खाली उरमोडीचं पाणी, तिन्ही बाजूंनी डोंगर. बघायला सुंदर, सिग्नलला वाईट. तारेचं नेट घरापर्यंत आलेलं नाही. लॅपटॉप जुना, सेकंड हँड घेतलेला थिंकपॅड, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट. शनिवारी रात्री पुण्याच्या छापखान्याला शंभरेक एमबीची पीडीएफ जायची असते, आणि नेमकं तेव्हाच डोंगल मान टाकतं.

तक्रार घेऊन दुकानात गेलं की उत्तर एकच: "ताई, पीस खराब असेल, दुसरा देतो." दुसरा दिला, तोही तसाच. तिसऱ्यांदा गेले तर म्हणे, "लिनक्सला हे चालतच नाही, विंडोज टाका." आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशातला प्रकार. पीसही ठीक होता आणि लिनक्सही. चूक दोघांच्या मधे होती, आणि अर्धी माझी होती.

आधी सिग्नल, मग बाकी सगळं

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. म्हणून लॅपटॉपला हात लावण्याआधी डोंगलमधलं सिम काढून फोनमध्ये घाला, फोन त्याच खिडकीत ठेवा आणि पाच-दहा मिनिटं वापरून बघा. फोनवरही नेट अडखळत असेल तर पुढचं काही वाचू नका, जागा किंवा कंपनी बदला. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' या भागात सिमची स्थिती दिसते, तिथे सिग्नल डीबीएम या मापात असतो. आकडा उणे असतो, त्यामुळे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८५ म्हणजे झकास. उणे १००-१०५ ला काम भागतं. उणे ११५ च्या खाली गेला की कुठलंही डोंगल घ्या, रडणार.

इथे एक क्षुल्लक गोष्ट, जिने माझा एक अख्खा रविवार खाल्ला. हल्लीची सिम नॅनो असतात आणि डोंगलची खाच बहुतेकदा मोठ्या सिमची. मधे प्लास्टिकची चौकट घालावी लागते. ती चौकट स्वस्तातली असेल तर सिम किंचित हलतं, आणि डोंगलला धक्का लागला की 'सिम नाही' असं येतं. चौकटीच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीचा एक तुकडा लावला की हलायचं थांबतं.

डोंगल सीडी होऊन बसतं तेव्हा

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा आणि एलएसयूएसबी ही आज्ञा द्या. मी उच्चार लिहितेय, टाइप अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत करायचं. लॅपटॉपला जे जे यूएसबीने जोडलंय त्याची यादी येते. प्रत्येक ओळीत चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक असतात, मधे विसर्गासारखे दोन ठिपके. पहिला क्रमांक कंपनीचा: १२डी१ म्हणजे हुआवे, १९डी२ म्हणजे झेडटीई. दुसरा त्या वस्तूचा. आणि गंमत अशी की डोंगलचा हा दुसरा क्रमांक बदलतो.

हुआवेच्या ई३३७२ या बरंच चाललेल्या मॉडेलचं उदाहरण घ्या. ब्राउझरमध्ये स्वतःचं सेटिंगचं पान उघडणारा त्याचा प्रकार लावल्या लावल्या १२डी१:१एफ०१ असं सांगतो. या रूपात तो चक्क सीडी असतो. विंडोजवाल्यांना सॉफ्टवेअर टाकायला वेगळी सीडी लागू नये म्हणून कंपन्यांनी काढलेली ही युक्ती. विंडोजमध्ये सॉफ्टवेअर बसलं की ते डोंगलला 'आता खरं रूप दाखव' असा निरोप देतं. लिनक्समध्ये तो निरोप यूएसबी-मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम देतो. निरोप पोचला की तोच डोंगल १२डी१:१४डीसी होतो आणि कामाला लागतो.

म्हणजे तपासणी सोपी आहे. डोंगल लावा, यादी बघा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा यादी बघा. क्रमांक बदलला नाही तर सोंग उतरलेलं नाही. यूएसबी-मोडस्विच आणि त्याच्या डेटाचं वेगळं पॅकेज, दोन्ही बसवलेली आहेत का ते पाहा. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराची आटोपशीर मांडणी केली असेल तर ती नसतातही, आणि ती बसवायला नेट लागतं, जे नाही म्हणून तर आपण इथे आहोत. अशा वेळी फोन यूएसबीने जोडून तेवढ्यापुरतं नेट घ्या. तातडीचा उपाय म्हणजे फाइल मॅनेजरमध्ये दिसणाऱ्या त्या खोट्या सीडीवर उजवी क्लिक करून ती बाहेर काढायला सांगा. बरीच डोंगलं एवढ्यावरही रूप बदलतात.

'अर्धा मिनिट थांबा' हे मी उगाच म्हटलेलं नाही. डोंगल मोडेमच्या रूपात आलं की लिनक्समधला मोडेममॅनेजर, म्हणजे मोडेम सांभाळणारा प्रोग्राम, त्याच्या एकेका पोर्टला विचारत बसतो, 'बाबा, तू कोण?' त्याला वेळ लागतो. आपण तेवढ्यात 'चालत नाही' म्हणून उपटतो, परत लावतो, परत पहिल्यापासून. आमचे दीर याच पद्धतीने सलग वीस मिनिटं झगडले होते.

कॅलेंडरवरचं पान

आता माझं मूळ दुखणं. सीडीचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात सुटला होता. पण नेट लागायचं, तासभर छान चालायचं आणि अचानक डोंगलच यादीतून नाहीसं व्हायचं. उपटून लावलं की परत सुरू.

पानावरच्या नोंदी अशा होत्या: 'ने.गे. ५.४०, लाईट नव्हती.' 'ने.गे. ९.१५, अंगणात बसून काम.' 'ने.गे. २.३०, लाईट गेली, आई पापड आत घेत होत्या.' 'ने.गे. ७, लाईट नाही.' लाईट आणि नेट एकदमच जातात, यात आमच्याकडे कुणाला काही वाटत नाही. लाईट गेली की टॉवरची बॅटरी उतरते आणि टॉवरही जातो, हे अंगवळणी पडलंय. वर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या गरगर फिरत असतात आणि खाली आम्ही मेणबत्ती शोधत असतो, तो विषय वेगळा. त्यामुळे मीही टॉवरलाच दोष देत राहिले.

खटकली ती 'अंगणात बसून काम' ही नोंद. त्या दिवशी लाईट होती. टॉवर चालू होता, कारण त्याच कंपनीच्या सिमवर यजमान ओसरीत क्रिकेट बघत होते. मग अंगणात आणि लाईट गेलेली असताना सारखं काय? दोन्ही वेळी लॅपटॉप चार्जरवर नव्हता, बॅटरीवर होता.

मुद्दाम करून पाहिलं. लाईट असताना, नेट चालू असताना, चार्जरची पिन काढली आणि हात बांधून बसले. काही मिनिटांतच डोंगल गायब. परत लावलं, परत पिन काढली. चार वेळा पिन काढली, चारही वेळा नेट गेलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बिघडलंय म्हणतेस आणि परत परत बिघडवतेस काय?" पण खरं सांगते, हवं तेव्हा बिघडवता आलं की दुखणं निम्मं बरं झालेलं असतं.

कारण असं निघालं. बॅटरी जास्त टिकावी म्हणून तीन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी सांगण्यावरून मी लॅपटॉप-मोड-टूल्स हे पॅकेज बसवलं होतं आणि विसरून गेले होते. लॅपटॉप बॅटरीवर गेला की ते रिकाम्या बसलेल्या यूएसबी वस्तूंना झोपवतं. माऊस, पेनड्राइव्ह असल्या वस्तू हाक मारली की उठतात. काही डोंगलं मात्र एकदा झोपली की नीट उठत नाहीत. ती पोर्टवरून गळून पडतात, किंवा पुन्हा सीडीचं सोंग घेऊन उठतात. जर्नलसीटीएल -के या आज्ञेने कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, नोंदवही उघडली तर त्या त्या वेळेला 'यूएसबी डिस्कनेक्ट' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ती वही माझ्या कॅलेंडरच्या आधीपासून सगळं टिपत होती, मी उघडली नव्हती एवढंच.

उपाय पाच मिनिटांचा. त्या पॅकेजच्या सेटिंगमध्ये रनटाइम-पीएमची फाइल असते, तिच्यात झोपवू नयेत अशा वस्तूंची यादी देता येते. तिथे डोंगलचा क्रमांक घालायचा, खऱ्या रूपातला, सीडीचा नव्हे. तुमच्याकडे टीएलपी हे बॅटरी वाचवणारं दुसरं पॅकेज असेल तर ते चार्जर असो-नसो, दोन्ही वेळा यूएसबीला झोपवतं, त्यामुळे माझ्यासारखी पिन काढून परीक्षा घेतली तर काहीच हाती लागणार नाही. टीएलपीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये यूएसबी_एक्स्क्लूड_डब्ल्यूडब्ल्यूएएन अशी ओळ आहे, तिच्यापुढे १ करा, किंवा नकारयादीत क्रमांक घाला. यातलं काहीच बसवलेलं नसेल आणि तरी संशय असेल, तर कर्नलला सुरू होताना यूएसबीकोअर.ऑटोसस्पेंड=-१ असं सांगून झोपच बंद करता येते. मूळ सेटिंग २ सेकंदांची असते. याने बॅटरी थोडी जास्त खर्च होते, पण निदान नक्की होतं.

झाकण लावून लॅपटॉप झोपवला आणि उघडल्यावर डोंगल दिसेना, हा याच कुळातला प्रकार. लॅपटॉप झोपला की पोर्टची वीज तुटते, डोंगल पहिल्यापासून उठतं, म्हणजे परत सीडी. मोडस्विचने तेव्हाही निरोप द्यायला हवा, पण कधी कधी राहून जातो. डोंगल उपटून लावणं हाच झटपट मार्ग आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

वीज कमी पडते तेव्हा

झोपेचा बंदोबस्त झाल्यावरही एक प्रकार उरला. पानं वाचताना, मेल बघताना नेट टिकायचं, पीडीएफ पाठवायला घेतली की पडायचं. इथे तारेचा दोष निघाला. सिग्नल खिडकीत बरा म्हणून मी डोंगल तीन मीटरच्या स्वस्त यूएसबी वायरने खिडकीच्या गजाला लटकवलं होतं. यूएसबी २ च्या पोर्टकडून ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ कडून ९००. सिग्नल कमजोर असला की डोंगलला टॉवरपर्यंत ओरडून बोलावं लागतं, आणि फाइल पाठवताना तर ते सतत ओरडत असतं. तेव्हाच विजेची ओढ सगळ्यात जास्त. बारीक तांब्याच्या लांब वायरीत व्होल्टेज उतरतं आणि डोंगल बंद पडून पुन्हा सुरू होतं. एक मीटरची, जाड, चांगली वायर आणली, टेबल खिडकीशी सरकवलं. प्रश्न मिटला. एकाच हबवर डोंगल, हार्डडिस्क आणि पंखा लावणाऱ्यांनीही हे वाचून घ्यावं.

तरी एक छोटी वायर हवीच, डोंगल थेट पोर्टमध्ये खुपसू नका. यूएसबी ३ ची निळी पोर्टं आणि त्यांच्या वायरी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट करतात. इंटेलनेच २०१२ मध्ये यावर टिपण काढलं होतं. आपल्याकडचा ४जीचा ४० नंबरचा बँड, म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा, २३०० ते २४०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे अगदी शेजारी. निळ्या पोर्टला हार्डडिस्क लावली की शेजारच्या डोंगलचं नेट मंदावतं, हे भुताटकीसारखं वाटतं, पण कारण हे आहे. डोंगल काळ्या पोर्टला लावा, हातभर दूर ठेवा.

'जोडलंय' म्हणतं, पण नेट नाही

हे तुलनेने किरकोळ. मोडेम रूपातल्या डोंगलला एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव, आपण सांगावा लागतो: जिओचा जिओनेट, एअरटेलचा एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, बीएसएनएलचा बीएसएनएलनेट, व्हीचा (व्होडाफोन-आयडियाचा) नुसता तीन डब्ल्यू. सिम बदललं आणि जुना एपीएन तसाच राहिला की हे होतं. दुसरं, वायफाय आणि मोडेम दोन्ही जोडलेले असतील तर लिनक्समधला जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर वायफायला आधी पसंती देतो. शेजाऱ्याच्या रिचार्ज संपलेल्या हॉटस्पॉटला लॅपटॉप आपोआप चिकटला असेल तर डोंगल बिचारं नुसतं बसून राहतं.

आणि रोज दुपारीच नेट मरत असेल तर डोंगलला शिव्या देण्याआधी रोजचा कोटा बघा. दीड-दोन जीबी संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे नसल्यात जमा, आणि मध्यरात्री परत जिवंत होतो. लिनक्स आपल्या पाठीमागे अपडेट उतरवत असतं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये त्या जोडणीला 'मोजून मिळणारं' असं ठरवून टाका. उबुंटूवर (हाही लिनक्सचाच प्रकार) स्नॅप या ॲप-पॅकेजांच्या व्यवस्थेलाही अशा मोजून मिळणाऱ्या नेटवर अपडेट थांबवायला वेगळं सांगावं लागतं. माझ्या मावसबहिणीच्या मुलाने मेढ्याला याच कारणापायी तीन महिने सिमच्या कंपनीशी भांडण केलं होतं.

मग घ्यायचं काय

वरचं सगळं निस्तरल्यावर माझं एक मत झालंय आणि ते मी कुणालाही ठणकावून सांगते: लिनक्स लॅपटॉपला मोडेम दाखवू नका, नेटवर्क कार्ड दाखवा.

डोंगल दोन जातींची असतात. एका जातीचं डोंगल लॅपटॉपला म्हणतं, 'मी मोडेम आहे, नंबर तू लाव, एपीएन तू सांभाळ, जोडणी तुटली तर तू बघ.' मग मोडेममॅनेजर, एपीएन, पोर्टं, सगळी वरात तुमच्या दारात. दुसऱ्या जातीचं डोंगल स्वतःच छोटा राउटर असतं. ते टॉवरशी आपलं आपण बोलतं आणि लॅपटॉपला फक्त इथरनेटची तार लावल्यासारखं दिसतं. एपीएन बदलायचा तर ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडायचं. हुआवेच्या या जातीला हायलिंक म्हणतात, पान १९२.१६८.८.१ वर. त्याच पानावर सिग्नलचे आकडे आणि आलेले एसएमएसही वाचता येतात. या जातीला लागणारे ड्रायव्हर कर्नलमध्ये वर्षानुवर्षं आहेत. काही बसवावं लागत नाही, फार तर ते सीडीचं सोंग उतरवावं लागतं.

गोम अशी की एकाच नावाखाली दोन्ही जाती विकल्या जातात. ई३३७२ चंच घ्या: मागे 'एच' असेल तर राउटर, 'एस' असेल तर मोडेम. डबा नव्हे, डोंगलच्या झाकणाखालचं लेबल वाचा. दुकानदाराला विचारायचा प्रश्न 'लिनक्सला चालतं का' हा नाहीच, त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. विचारायचं ते असं: 'याचं सेटिंग ब्राउझरमध्ये उघडतं का, की सॉफ्टवेअर टाकावं लागतं?' ब्राउझर म्हणाला तर घ्या.

बँडचं लेबलही तिथेच असतं, आणि आमच्यासारख्या डोंगराळ भागात त्यावर सगळं अवलंबून आहे. जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं. एअरटेल आणि व्ही दोघांकडे १, ३, ८, शिवाय एअरटेलचा ४० आणि व्हीचा ४१. बीएसएनएलचं ४जी २८ आणि १ वर. यातले ५, ८ आणि २८ हे कमी मेगाहर्ट्झचे, म्हणजे डोंगराआड आणि जाड भिंतींतून जरा जास्त पोचणारे. युरोपसाठी बनवलेलं ई३३७२एच-१५३ ऑनलाइन स्वस्तात दिसतं, त्यात ५ ही नाही आणि ४० ही नाही. जिओचं सिम घातलं तर एकट्या बँड ३ वर जीव. शहरात चालेलही, परळी खोऱ्यात नाही. ई३३७२एच-६०७ या प्रकारात ४० आहे, पण ५ त्यातही नाही. कपाटातलं जुनं ३जी डोंगल मात्र विसरा. जिओकडे ३जी कधी नव्हतंच, आणि एअरटेलने आपलं २०२० पर्यंत बंद केलं. सिम कंपनीच्या नावाचं डोंगल घेणार असाल तर ते बहुधा त्याच कंपनीच्या सिमला कुलूपबंद असतं, हेही धरून चला.

खिशात मावणारे वायफाय हॉटस्पॉट चांगले, ते खिडकीत ठेवून आपण कुठेही बसावं. फक्त यूएसबीनेही नेट देणारा घ्या. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स नव्याने टाकताना ब्रॉडकॉमच्या वायफायला ड्रायव्हर लागतो आणि ड्रायव्हरला नेट लागतं. तेव्हा यूएसबीची तारच कामाला येते.

सेकंड हँड थिंकपॅडच्या बॅटरीखाली सिमची खाच दिसली म्हणून हुरळून जाऊ नका, मी गेले होते. खाच असते, आत कार्ड नसतं, कधी अँटेनाच्या तारासुद्धा नसतात. बाहेरचं कार्ड आणून बसवलं तर काही जुनी मॉडेलं '१८०२' अशी चूक दाखवून सुरूच होत नाहीत. त्यांच्या बायोसला, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला, फक्त ठरावीक कार्डं चालतात. नव्या लॅपटॉपच्या कार्डांना एफसीसीचं (अमेरिकेच्या रेडिओ नियमांपायी घातलेलं) कुलूप असतं, आणि मोडेममॅनेजर १.१८.४ पासून ते आपोआप उघडत नाही, स्क्रिप्ट आपण जोडावी लागते. हौस असेल तर करा. शनिवारी रात्री पीडीएफ जायची असेल तर नको.

सध्या ऑनलाइन पांढऱ्या रंगाची, कंपनीचं नाव नसलेली स्वस्त वायफाय डोंगलं भरपूर आहेत. त्यांतल्या अनेकांच्या पोटात स्नॅपड्रॅगन ४१० ही फोनची चिप, म्हणजे अख्खा जुना फोन असतो, आणि हौशी मंडळी त्यावर चक्क डेबियन चालवतात. खेळायला मजेशीर वस्तू. कामाला मात्र भरवशाची नाही, फार तापते आणि बँडचं लेबल खरं असेलच असं नाही.

मी शेवटी काय वापरते? ड्रॉवरमध्ये पडलेला, काच तडकलेला जुना ४जी फोन. भारतात विकलेला, त्यामुळे बँडची चिंता नाही. यूएसबीने जोडला की लिनक्सला तो नेटवर्क कार्ड दिसतो, सीडीचं सोंग नाही. एकच कटकट होती. वायर निघाली किंवा लॅपटॉप झोपला की फोनवर जाऊन 'यूएसबी टेदरिंग' परत चालू करावं लागायचं. त्याचाही उपाय आहे. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरची सेटिंगं उघडतात. तिथे 'डिफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन' मध्ये यूएसबी टेदरिंग निवडून ठेवा. मग वायर लावली की नेट आपोआप. अगदी जुन्या अँड्रॉइडवर हा पर्याय नसतो. आणि लिनक्समध्ये जोडणीचं नाव दर वेळी बदलताना दिसलं तर घाबरू नका. बरेच फोन दर वेळी नवा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक, देतात. स्वतः काही सेटिंग करून ठेवलं असेल तर त्या जोडणीत मॅक पत्त्याची चौकट रिकामी ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते लागणार नाही.

बँकेला जोडलेल्या नंबरचं सिम मात्र यात घालू नका, ओटीपी आला की खिडकीपर्यंत पळावं लागतं.

आता फोनची एकच काळजी उरते, बॅटरीची. दिवसभर वायरवर आणि उन्हाच्या खिडकीत राहिला की जुनी बॅटरी फुगते. आमच्याकडे पत्र्याचं छप्पर आहे, उन्हाळ्यात खिडकीत हात ठेवता येत नाही, म्हणून तो आता उत्तरेच्या कोनाड्यात असतो. दर पंधरवड्याला त्याला ताटावर उताणा ठेवून बोटाने दाबते. डुगडुगला की त्या दिवशी वायर काढायची आणि बॅटरी बदलून आणायची, तोवर हातातल्या फोनच्या हॉटस्पॉटवर भागवायचं.